मोजका घास : मान्यखेट-कल्याणापासून कॅलरीपर्यंत

देवळातील समाराधनेची पंगत बसलेली असते. वाढपी मणगण्याचे किंवा पायसाचे भांडे घेऊन पुढे पुढे सरकत असतो. एखाद्या पानापाशी तो आला की पानावर आडवा हात येतो, आणि शब्द ऐकू येतात, “नको, वैद्यांनी गोड वर्ज्य सांगितले आहे.” वाढपी म्हणतो, “प्रसाद आहे, अहो. नाही म्हणू नये.” मग तो मनुष्य संकोचाने डावभर घेतो, जेवताना मनात खंत बाळगतो, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर, आज नेम मोडलाच आहे तर मोडला, असे म्हणून उरलेल्या लाडवांचाही समाचार घेतो. हे दृश्य कोणत्याही देवस्थानात, कोणत्याही उत्सवात आढळेल. त्यात प्रसादाचा दोष नाही आणि त्या गृहस्थाचाही फारसा नाही. दोष आहे तो एका समजुतीचा. अंगाची स्थूलता घालवावयाची तर गोडधोड समूळ सोडले पाहिजे, आणि एकदा गोड खाल्ले की नेम संपलाच, ही ती समजूत.

आजकाल या समजुतीच्या उलट एक पद्धती पुष्कळांनी स्वीकारली आहे. दिवसाकाठी किती उष्मांक, म्हणजे कॅलरी, पोटात घालावयाच्या हा आकडा आधी ठरवावा. आणि त्या मर्यादेत भाकरीही खावी, पोळीही खावी, प्रसंगी पेढाही खावा. पदार्थाला बंदी नाही, परिमाणाला आहे. ही कल्पना पाश्चात्त्य आणि अगदी नवी आहे, असे सामान्यतः मानले जाते. तिचे आकडे पाश्चात्त्य आहेत हे खरे. परंतु घास मोजून खाण्याचा विचार किती जुना आहे आणि त्याची एक महत्त्वाची मांडणी कोठे झाली हे पाहू गेल्यास आपल्याला दूर जावे लागत नाही. आजच्या बीदर आणि कलबुर्गी या दोन सरहद्द-जिल्ह्यांत, जेथे मराठी व कन्नड एकाच अंगणात बोलल्या जातात, तेथेच त्या विचाराचे ठसे सापडतात. त्यांचा मागोवा घेण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

मान्यखेटची दोन व्रते

कलबुर्गी जिल्ह्यात सेडम तालुक्यात कागिणा नदीच्या काठी मळखेड नावाचे गाव आहे. हेच राष्ट्रकूटांचे मान्यखेट. नवव्या शतकात अमोघवर्ष नृपतुंगाच्या दीर्घ कारकीर्दीत हे नगर वैभवाच्या शिखरावर होते, आणि जैन विद्येचे ते मोठे केंद्र होते. आदिपुराणकार जिनसेनाचार्य यांना अमोघवर्ष गुरुस्थानी मानी.

जैन धर्माने बाह्य तपाचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांत अनशन, म्हणजे सर्वथा उपवास, हे पहिले. त्याच्या पाठोपाठ येते ते अवमौदर्य किंवा ऊनोदरी : पोट थोडे ऊन, म्हणजे रिते, ठेवणे. पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस घासांचा आणि स्त्रीचा अठ्ठावीस घासांचा असे प्रमाण गृहीत धरून त्यातून एक, दोन असे घास कमी करीत जाणे हे या तपाचे स्वरूप आहे. आणि याच सहांत रसपरित्याग म्हणून आणखी एक तप आहे. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर, मीठ अशा रसांपैकी एक वा अनेक सोडणे हा त्याचा अर्थ.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ऊनोदरी आणि रसपरित्याग ही दोन निरनिराळी व्रते आहेत. ज्याने घास कमी केले त्याने गूळ सोडलाच पाहिजे असे नाही. ज्याने गूळ सोडला त्याने घास मोजलेच असेही नाही. किती खावे आणि काय खावे हे दोन प्रश्न जैन आचार्यांनी स्वच्छपणे वेगळे केले होते. आरंभी वर्णिलेल्या आपल्या पंगतीतील गृहस्थाचा घोटाळा होतो तो नेमका याच ठिकाणी. तो रसपरित्यागाचा संकल्प करतो, तो टिकत नाही. आणि तो मोडला की ऊनोदरीही सोडून देतो, जणू दोन्ही एकाच धाग्यात ओवलेली आहेत.

कल्याणनगरीतील हिशेब

राष्ट्रकूटांनंतर चालुक्यांचे राज्य आले. अकराव्या शतकात पहिल्या सोमेश्वराने आपली राजधानी मान्यखेटहून कल्याणास नेली. हे कल्याण म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. सहाव्या विक्रमादित्याच्या काळी, म्हणजे इ. स. १०७६ ते ११२६ या अर्धशतकात, येथे विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर आपली ‘मिताक्षरा’ टीका लिहिली. कलबुर्गी जिल्ह्यातील मरतूर गावाशी त्याचे नाव जोडले जाते. वारसाहक्काच्या विवादांत मिताक्षरेचा आधार विसाव्या शतकापर्यंत भारतातील न्यायालये घेत होती, त्यामुळे या ग्रंथाचे नाव वकिलांच्या तोंडी अधिक. परंतु त्याचा तिसरा भाग प्रायश्चित्तांचा आहे, आणि आपल्या विषयाचे धन तेथे आहे.

धर्मसूत्रांनी घासांची एक मोजणी फार पूर्वी घालून दिली होती. संन्याशाने आठ घास घ्यावे, वानप्रस्थाने सोळा, गृहस्थाने बत्तीस. ब्रह्मचाऱ्याला मात्र मर्यादा नाही. गृहस्थाचे बत्तीस आणि जैनांचे बत्तीस हे एकच आहेत, ही सहज लक्षात येणारी गोष्ट. त्याहून लक्षात ठेवण्याजोगी आहे ती ब्रह्मचाऱ्याची मोकळीक. वाढते वय, अध्ययनाचे आणि गुरुगृहीच्या सेवेचे कष्ट, अशा मुलाला घास मोजून देऊ नयेत हे शास्त्रकारांना कळत होते. अग्निहोत्री, नांगराचा बैल आणि ब्रह्मचारी हे तिघे खाऊनच आपले काम पार पाडू शकतात, उपाशी राहून नव्हे, असा अभिप्राय त्यांनी त्याच ठिकाणी नोंदविला आहे. मर्यादा सर्वांना सारखी नसते, हा त्यातील अर्थ.

मग चांद्रायण. शुक्ल प्रतिपदेला एक घास, द्वितीयेला दोन, असे वाढवीत पौर्णिमेला पंधरा. पुढे कृष्णपक्षात एकेक कमी करीत चतुर्दशीला एक आणि अमावास्येला निराहार. मध्ये जाड आणि टोकांना निमुळते म्हणून याला यवमध्य म्हणतात. कृष्णपक्षापासून आरंभ केला की मध्य बारीक होतो, म्हणून ते पिपीलिकामध्य : एक जवाच्या दाण्यासारखे, दुसरे मुंगीसारखे. घासाचे मापही ठरलेले : मोराच्या अंड्याएवढा. हिशेब केला तर महिन्याचे घास भरतात दोनशे पंचवीस.

परंतु याज्ञवल्क्याने आणि त्यापूर्वी मनूने आणखी एक मोकळा प्रकार सांगितला आहे. महिन्याभरात एकंदर दोनशे चाळीस घास, मग ते कसेही विभागून घ्या. या ‘कसेही’चा अर्थ काय, हे विज्ञानेश्वर उलगडून सांगतो. रोज मध्यान्ही आठ घास घ्यावेत. किंवा चार दिवसा, चार रात्री. किंवा एके दिवशी चार आणि दुसऱ्या दिवशी बारा. किंवा एक दिवस उपवास करून दुसऱ्या दिवशी सोळा. सरासरी प्रत्येक वेळी तीच, दिवसाला आठ. बेरीज कायम, वाटणी ज्याची त्याला मोकळी. आज आठवड्याचे उष्मांक ठरवून घेणारा मनुष्य सोमवारी थोडे कमी खातो आणि रविवारच्या लग्नासाठी राखून ठेवतो. त्याची युक्ती आणि कल्याणच्या या पंडिताची युक्ती यांत, मोजण्याच्या अंगाने पाहिले तर, काय अंतर आहे?

अंतर आहे, आणि ते लपवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. चांद्रायण हे प्रायश्चित्त आहे. त्यात अन्न हविष्य असावे लागते. तेथे लाडवाला जागा नाही. त्याचा हेतू पापक्षालन, कंबरेचा घेर नव्हे. शिवाय दिवसाचे आठ घास हा निरोगी गृहस्थाचा नित्य आहार होऊच शकत नाही. तेव्हा आमच्या पूर्वजांना कॅलरी ठाऊक होती असा पोकळ अभिमान बाळगण्याचे कारण नाही. त्यांना ठाऊक होते ते एवढेच, आणि ते थोडके नाही : संयम मोजता येतो, तो महिन्याच्या खात्यावर मांडता येतो, आणि एका दिवसाची वाढ दुसऱ्या दिवशी भरून काढता येते.

राजाचे पान आणि वैद्याचे माप

विक्रमादित्याच्या मागून त्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर कल्याणच्या गादीवर बसला. शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास त्याने ‘मानसोल्लास’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्री. गजानन श्रीगोंदेकर यांनी तो संपादिला. त्याचा पहिला भाग १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. राजाच्या उपभोगांत तेथे अन्नभोगाचे विस्तृत प्रकरण आहे. मंडक, पोलिका, धोसक, वटक, आणि उडदाची इड्डरिका असे पदार्थ त्यात येतात. मांडे, पोळी, डोसा, वडा आणि इडली यांची ही पूर्वपिठिका. दूध, दही, फळे, पानके, मांसान्ने यांचेही वर्णन आहे. आणि कोणत्या ऋतूत कोणत्या रसाचे अन्न घ्यावे हेही सांगितले आहे.

एकाच नगरीत, एका पिढीच्या अंतराने, एक ग्रंथ दोनशे चाळीस घासांचा हिशेब सांगतो आणि दुसरा मांडे कसे करावेत ते सांगतो. याला विसंगती म्हणावे काय? आमच्या मते नाही. ज्या समाजाने रसना आणि संयम यांना एकमेकांचे शत्रू मानले नाही, त्याच समाजात हे दोन्ही ग्रंथ शेजारी नांदू शकतात.

या दोहोंच्या मध्ये उभा असतो तो वैद्य. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आहार मात्रेने घ्यावा असा स्पष्ट उपदेश आहे. जड पदार्थ सोडा असे चरक म्हणत नाही. जड पदार्थांनी तृप्तीच्या एक तृतीयांश किंवा अर्ध्यापर्यंतच जावे, असे म्हणतो. अतिस्थूल माणसाचे वर्णन त्याने मोठ्या बारकाईने केले आहे : आयुष्य घटते, हालचाल मंदावते, घाम फार येतो, भूक आणि तहान अनावर होतात. कारणांत अति खाणे, गोड-जड-स्निग्ध अन्न, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप ही येतातच. पण त्याबरोबर बीजस्वभाव, म्हणजे आईबापांकडून आलेला देहधर्म, हेही एक कारण त्याने दिले आहे. लठ्ठ माणसाला केवळ अधाशी ठरवून त्याची टर उडविणाऱ्यांनी ही ओळ वाचावी. उपचारांत जव, मूग, कुळीथ, ताक यांचा समावेश आहे. जागरण, व्यायाम इत्यादी हळूहळू, क्रमाक्रमाने वाढवावेत, एकदम नव्हे, हीही सूचना आहे.

गाणगापूरची कथा

भीमा-अमरजा संगमावरील गाणगापूर कलबुर्गी जिल्ह्यात आहे. श्रीनृसिंहसरस्वतींच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या या क्षेत्री आजही यात्रेकरू झोळी घेऊन माधुकरी मागतात. पाच घरी जावे, जे पडेल ते घ्यावे. जिभेच्या आवडीने निवड करण्याची मुभा तेथे नाही. भाकरीचा तुकडा आला तर तो, आणि कोणी पुरणपोळीचा चतकोर घातला तर तोही प्रसादच.

गुरुचरित्राच्या छत्तिसाव्या अध्यायात परान्नाची जी कथा आहे ती आमच्या वाचकांस परिचित असेल. एक वेदनिष्ठ ब्राह्मण परान्न घेत नसे. त्याच्या पत्नीला मात्र इतर सुवासिनींप्रमाणे वस्त्रे, दक्षिणा आणि मिष्टान्नभोजन यांची ओढ लागली. पतीने नाकारले तेव्हा तिने श्रीगुरूंकडे गाऱ्हाणे नेले. श्रीगुरूंनी काय केले? त्यांनी तिला रागे भरले नाही. पतीला बोलावून, तिची इच्छा पुरी कर, असे सांगितले. ती जेवावयास बसली, आणि आपल्या पंगतीत कुत्री आणि डुकरे जेवत आहेत असे दृश्य तिला दिसले. तेव्हा तिची ओढ आपोआप विरली.

या कथेचा धार्मिक अर्थ जाणकार सांगतील. सामान्य संसारी माणसाने त्यातून घ्यावयाचे ते इतकेच, की दडपून ठेवलेली वासना बंदीने शमत नाही. श्रीगुरूंनी आधी पान वाढू दिले. निवृत्ती त्यानंतर आली. ज्याला पेढा वर्ज्य सांगितला आहे त्याच्या मनात दिवसभर पेढाच असतो. ज्याला एक पेढा मोजून मिळतो तो तो खातो आणि आपल्या कामाला लागतो.

दुसऱ्याच्या पानावरचे माप

आतापर्यंत मोजण्याची बाजू मांडली. परंतु इतिहासाला मोजमापाची दुसरी, काळी बाजूही ठाऊक आहे, आणि हा प्रदेश तिचा साक्षी आहे.

बहामनी राज्याची राजधानी १३४७ पासून गुलबर्ग्यास होती. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात ती बीदरला गेली. याच बीदरच्या सुलतानाचा मंगळवेढ्याचा अधिकारी दामाजीपंत. परंपरा सांगते की घोर दुष्काळ पडला असता दामाजीपंतांनी सरकारी धान्याची कोठारे भुकेल्यांस मोकळी केली, आणि त्यांच्यावर बालंट आले तेव्हा प्रत्यक्ष विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने बीदरच्या दरबारी जाऊन रक्कम भरली. कोठारे उघडताना पंतांनी माप धरले नाही. धान्याचा हिशेब होता तो राजाचा. भुकेचा हिशेब त्यांनी देवावर सोपविला.

याच्या नेमके उलट उदाहरण १८७७ सालचे आहे. त्या महादुष्काळात दख्खन होरपळून निघाले असता सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा एवढीच मजुरी पुरे, असा आकडा ठरविला. खडी फोडणाऱ्या माणसाला एक पौंड धान्य! मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. विल्यम कॉर्निश यांनी त्यास शास्त्रीय आधारावर विरोध केला, आणि मुंबई इलाख्यात पुण्याच्या सार्वजनिक सभेने मजुरांची बाजू मांडली. तेही मोजमापच होते. परंतु ते भरल्या पोटाच्या माणसाने दुसऱ्याच्या रित्या पानावर केलेले होते.

म्हणून आमचे एक निश्चित मत आहे. घास मोजण्याचा अधिकार ज्याचा त्याला, आपल्या पानापुरता. संन्यासी आठ घास घेतो तो आपल्या संकल्पाने. तेच आठ घास सुनेच्या पानात सासूने मोजून वाढले, किंवा मजुराच्या थाळीत मुकादमाने, तर ते व्रत नव्हे, तो छळ होय. कल्याणमध्येच बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वर आणि शरणांनी कायक व दासोह हा मंत्र दिला : आपल्या श्रमाने मिळवावे, आणि गरजेहून अधिक असेल ते समाजाला अर्पण करावे. कलबुर्गीच्या श्रीशरणबसवेश्वरांनी (१७४६–१८२२) दासोहाची तीच परंपरा चालविली. आपले पान मोजावे, दुसऱ्याचे भरावे, असे या शिकवणीचे सार सांगता येईल.

कॅलरीचा जन्म आणि प्रवास

आता आधुनिक काळाकडे वळू. एक किलोग्रॅम पाण्याचे उष्णतामान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास जेवढी उष्णता लागते तिला आहारशास्त्रात कॅलरी म्हणतात. शास्त्रशुद्ध नाव किलोकॅलरी. अमेरिकेतील विल्बर ॲटवॉटर (१८४४–१९०७) या रसायनज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात एक बंदिस्त खोलीच बांधली. तीत माणसाला दिवसेंदिवस ठेवून तो काय खातो आणि त्याच्या शरीरातून किती उष्णता बाहेर पडते याचे मोजमाप केले. पिष्टमय पदार्थ व प्रथिने यांच्या एका ग्रॅममधून सुमारे चार, आणि स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅममधून सुमारे नऊ कॅलरी मिळतात, हे आजही वापरात असलेले आकडे त्याच्या संशोधनातून आले.

हे आकडे प्रयोगशाळेतून स्वयंपाकघरात आणले ते लुलू हंट पीटर्स या डॉक्टरबाईंनी. १९१८ साली त्यांचे आहार आणि कॅलरी या विषयावरील पुस्तक निघाले व अमेरिकेत त्याचा प्रचंड खप झाला. बाई स्वतः स्थूल होत्या आणि सुमारे सत्तर पौंड वजन त्यांनी उतरविले होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : मिठाई, केक, लोणी, साय, काय हवे ते खा, पण मोजून खा. आज जी पद्धती नवी म्हणून सांगितली जाते ती अशी शंभर वर्षांहून जुनी आहे.

हिंदुस्थानात मात्र कॅलरी आली ती स्थूलतेसाठी नव्हे, उपासमारीसाठी. कुन्नूर येथील पोषण संशोधनशाळेचे संचालक डॉ. वॉलेस एक्रॉइड यांनी १९३७ साली भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका प्रसिद्ध केली. हेच एक्रॉइड पुढे १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचे सदस्य होते. कुन्नूरची ती संस्था १९५८ मध्ये हैदराबादेस हलविण्यात आली आणि १९६९ मध्ये तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले. बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाचे, पुढे त्याच नावाच्या राज्याचे, भाग होते. तेव्हा ज्वारी, तूर, गूळ यांचे आकडे तयार करणारी ही संस्था या भागाच्या जुन्या राजधानीतच येऊन वसली असे म्हणता येईल. डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेले पोषणमूल्यांचे कोष्टक अनेक वर्षे आहारतज्ज्ञांच्या हाताशी असे.

होळिगेचा हिशेब

त्या कोष्टकाच्या आधाराने आपण एक पान मांडून पाहू. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ३५० कॅलरी असतात, हरभऱ्याच्या डाळीत ३७०, गुळात ३८०, कणकेत ३४०, साखरेत ४००, तुपात ९००. साठ ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे २१० कॅलरी. पुरणाची पोळी, जिला कलबुर्गीकडे होळिगे म्हणतात, तिच्यात तीस ग्रॅम डाळ, तेवढाच गूळ आणि पंचवीस ग्रॅम कणीक धरली तर ३१० कॅलरी होतात. वर दहा ग्रॅम तूप घेतले की ४००. एखाद्या गृहस्थाचा दिवसाचा आकडा १८०० ठरला असेल आणि त्याने सणाच्या दिवशी दोन पोळ्या तुपासह खाल्ल्या, तर ८०० झाल्या. उरलेल्या हजारात दोन भाकऱ्या, वरण, भाजी, ताक निभावून जाते. सणही झाला, नेमही राहिला. चार पोळ्या खाल्ल्या तर मात्र १६०० तेथेच संपल्या. कोष्टक रागावत नाही, पण विसरतही नाही.

उलट आपल्या उपवासाचे पाहा. साबूदाणा शंभर ग्रॅमला ३५०, शेंगदाणे साडेपाचशेच्या वर. पाऊणशे ग्रॅम साबूदाणा, पंचवीस ग्रॅम दाण्याचे कूट आणि दहा ग्रॅम तूप यांची खिचडी सुमारे ५०० कॅलरींची होते, म्हणजे दोन भाकऱ्यांहून अधिक. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण उगीच पडलेली नाही. आणि इतिहासाची गंमत अशी की ज्या कंदापासून आपला साबूदाणा होतो तो कंद आणि तो शेंगदाणा, दोन्ही मूळचे दक्षिण अमेरिकेतले. विज्ञानेश्वराच्या काळच्या व्रतस्थाला या दोहोंचे नावही ठाऊक नव्हते.

या भागात मार्गशीर्षी अमावास्येला येळवस साजरी होते. घरदार शेतात जाते; आंबील, भज्जी आणि बाजरीचे उंडे यांचा नैवेद्य होतो. ताक घालून केलेली पातळ आंबील, नाना शेंगदाण्यांची व भाज्यांची भज्जी, आणि शेतापर्यंतची पायपीट : या सणाच्या रचनेतच भूक, चव आणि श्रम यांचा तोल आहे. पायपिटीच्या जागी गाडी आली आणि आंबिलीच्या जागी बाटलीतले गोड पेय आले की नाव तेच राहते, तोल जातो.

आकड्यांच्या आहारी जाऊ नये हेही सांगितले पाहिजे. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात, म्हणून रोज तीनशे कमी केल्या की महिन्यात एक किलोहून थोडे अधिक उतरेल, असा कागदी हिशेब आहे. शरीर कागदाप्रमाणे वागत नाही. वजन उतरू लागले की त्याचा खर्चही उतरतो. शिवाय हजार कॅलरींचे पेढे आणि हजार कॅलरींची भाकरी-डाळ-भाजी वजनाच्या काट्यावर जवळपास सारखी असली तरी रक्ताला आणि हाडांना सारखी नाही; म्हणून गोडाला जागा असावी ती पानाच्या कोपऱ्यात, मध्यभागी नव्हे. मधुमेह असलेल्यांनी आकडा स्वतःच्या मनाने ठरवू नये, वैद्यांना विचारावा. वाढती मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या पानावर तर माप घेऊन बसूच नये. शास्त्रकारांनी ब्रह्मचाऱ्याला दिलेली सूट येथे आठवावी. आणि ज्यांना मोजणीचाच ध्यास लागून अन्नाचे भय वाटू लागते त्यांनी ती वही मिटून ठेवावी हे बरे.

आता पुन्हा आपल्या पंगतीकडे येऊ. वाढपी मणगणे घेऊन आला आहे. त्या गृहस्थाने पानावर आडवा हात धरण्याचे कारण नाही, आणि संकोचाने डावभर घेऊन मागाहून खंत करण्याचेही नाही. त्याने म्हणावे, “एक पळी वाढा.” ती एक पळी त्याने सावकाश, चवीने, देवाचे स्मरण करीत घ्यावी, आणि रात्रीच्या भाकरीतून अर्धी वगळावी. वाढप्यानेही मग आग्रह करू नये. नको म्हणणाऱ्याला वाढणे हेही दुसऱ्याच्या पानावर हुकमत गाजविणेच आहे. ‘प्रसाद आहे, नाही म्हणू नये’ हे वाक्य खरे; पण प्रसादाचे पुण्य पळीच्या संख्येवर अवलंबून असते असे कोणत्याही शास्त्रात वाचलेले नाही. कणभर प्रसादानेही तृप्त होणारी श्रद्धा आपल्याकडे आहे. तीच मिताहाराची खरी सोबतीण आहे; कॅलरीचे कोष्टक तिच्या हातातला केवळ तराजू.